वॉक सायकलमध्ये पाय सरकतोय? आधी पायाला हात लावू नका

"ताई, पाय सरकायलाय बघा."

सोलापुरात माझ्याकडं ॲनिमेशन शिकायला येणारं कुणीही पहिली वॉक सायकल, म्हणजे परत परत चालवायची दोन पावलांची फेरी, दाखवताना हेच म्हणतं. पात्र चालतं, पण ओल्या फरशीवर चालल्यासारखं. ब्लेंडर, क्रिटा, ओपनटून्झ यांपैकी कुठलंही सॉफ्टवेअर असो की पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं काढलेली चित्रं असोत, दुखणं एकच. ते बघितल्यावर प्रत्येक जण पहिली गोष्ट करतो ती चुकीची: दर फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, पाय धरून जागेवर ओढत बसतो. तीन संध्याकाळी त्यात जातात आणि शेवटी पाय सरकतोही आणि थरथरतोही.

दोष पायात दिसतो, पण बहुतेक वेळा तो दुसरीकडं असतो. म्हणून आधी लक्षण नीट बघा. सगळी सरकणी सारखी नसते.

- पाय जमिनीवर असेपर्यंत सगळा वेळ एकाच दिशेनं सरकतो. कधी मागं, कधी पुढं.
- पाय टेकल्यावर जरा पुढं जातो, मग मागं, उचलायच्या आधी परत पुढं. चुळबुळ म्हणा.
- मधली पावलं ठीक, पण शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी घसरगुंडी.
- दर फेरीला एकदा बारीकशी उचकी लागते.
- मागचा पाय उचलायच्या आत गुडघा टक्कन सरळ होतो.
- पाय जागेवर आहे, तरी पात्राला वजन नाही. तरंगतं.

आपलं लक्षण कुठलं ते कागदावर लिहून ठेवा. दोन-तीन एकत्रही असतात. मग फाईलची एक प्रत वेगळ्या नावानं सेव्ह करा आणि खालच्या क्रमानं जा. क्रम सोप्याकडून अवघडाकडं आहे. पहिल्या दोन तपासण्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत, शेवटच्यांना अख्खी दुपार जाते.

मशीन खरं बोलतंय का?

ॲनिमेशन बरोबर असतं आणि लॅपटॉप ते नीट दाखवत नाही, असं वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. ब्लेंडरमध्ये प्ले केल्यावर व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे पात्र दिसतं त्या खिडकीच्या, डाव्या कोपऱ्यात वर फ्रेमचा वेग दिसतो. तो ठरवलेल्या वेगाखाली गेला की आकडा लाल होतो. लाल असेल तर तुम्ही जे बघताय त्यावरून काहीही ठरवू नका. टाइमलाइनच्या प्लेबॅक मेनूत 'प्ले एव्हरी फ्रेम' असेल तर चाल संथ दिसते, 'फ्रेम ड्रॉपिंग' असेल तर मधल्या फ्रेमा गाळल्या जातात आणि पाय उड्या मारतो. व्ह्यू मेनूतून व्ह्यूपोर्ट रेंडर काढा आणि तो व्हिडिओ बघा. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापून मंदावतो. त्या दिवसांत निम्म्या तक्रारी सकाळी सातला फाईल उघडल्यावर आपोआप मिटतात.

त्याच वेळी फाईलचा वेगही बघून घ्या. मी खालचे सगळे आकडे सेकंदाला २४ फ्रेम धरून दिलेत. तुमची फाईल १२ वर असेल तर २४ फ्रेमांची फेरी दोन सेकंद चालेल आणि पात्र पाण्यातून चालल्यासारखं दिसेल. हा दोष चित्रांचा नाही.

उचकी

ही एका मिनिटाची गोष्ट. फेरी २४ फ्रेमांची असेल तर २५ वी फ्रेम म्हणजे परत पहिलीच. दोन्ही वाजवल्या तर तीच मुद्रा दोनदा दिसते आणि चाल तेवढीच अडखळते. ब्लेंडरमध्ये २५ वरची 'की' (त्या फ्रेमला आपण पक्की केलेली मुद्रा) राहू द्या, ती लागतेच, पण प्लेबॅकचा शेवट २४ वर ठेवा. हातानं काढत असाल तर पंचविसावं चित्र काढूच नका.

सेलोटेप

मोजपट्टी, स्क्रिप्ट काही नको. मॉनिटरवर सेलोटेपचा बोटभर तुकडा चिकटवायचा. पात्र पडद्यावर पुढं चालत असेल, कॅमेरा स्थिर असेल, तर पाय पूर्ण टेकल्याच्या फ्रेमला टेपची उभी कड पायाच्या चवड्याला लावायची. मग उजव्या बाणानं एक-एक फ्रेम पुढं. चवडा कडेशी आहे की सुटला, कुठल्या फ्रेमला सुटला, कुठल्या बाजूला? तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची.

चवडाच का? कारण टाच आधी टेकते आणि आधीच उचलली जाते. घोटा तर चवड्याभोवती फिरत पुढं जातो. टाचेला किंवा घोट्याला टेप लावून मोजणारा माणूस बरोबर असलेली चाल बिघडवून ठेवतो. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलंय. कॅमेरा पात्राबरोबर सरकत असेल तर टेपचा उपयोग नाही. मग जमिनीवरच एक ठिपका काढा आणि चवडा त्या ठिपक्याशी ताडून बघा.

पाय सगळा वेळ एकाच दिशेनं सुटत असेल तर पुढची तपासणी तुमची. आधी पुढं, मग मागं, मग पुढं असेल तर ती सोडून त्यानंतरच्या तपासणीवर जा.

पावलाचा हिशेब

वॉक सायकल बहुतेक जण जागच्या जागी करतात आणि नंतर पात्र पुढं ढकलतात किंवा मागचं दृश्य सरकवतात. त्यासाठी दोन वेग जुळावे लागतात: टेकलेला पाय कमरेच्या मागं जातो तो वेग आणि अंग पुढं जातं तो वेग.

समजा, दोन्ही पाय जमिनीला लागलेले असताना त्यांच्यातलं अंतर ६० पिक्सेल आहे. हे एक पाऊल. एका पावलाला १२ फ्रेमा, म्हणजे फ्रेमला ५ पिक्सेल. फेरीत पावलं दोन असतात, डावं आणि उजवं. म्हणून २४ फ्रेमांत अंग १२० पिक्सेल पुढं जायला हवं. इथंच घात होतो. शहराच्या पूर्व भागातला एक मुलगा, बी.कॉम. करतो आणि संध्याकाळी वडिलांच्या विणायच्या मागावर बसतो, त्यानं पात्र २४ फ्रेमांत ६० पिक्सेल नेलं होतं. पाऊल ६० चं, म्हणून ६०. अंग फ्रेमला अडीच पिक्सेल पुढं आणि पाय पाच पिक्सेल मागं. फरक अडीचचा, तेवढा पाय दर फ्रेमला मागं घसरत होता. त्यानं पायाच्या चाळीसेक की हातानं हलवल्या होत्या. जुनी प्रत उघडली, ६० च्या जागी १२० घातले, चाल जमली. तो बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंच होतं व्हय?"

लक्षात ठेवायची खूण: पाय मागं घसरत असेल तर अंग कमी वेगानं जातंय, पाय पुढं ओढला जात असेल तर जास्त वेगानं. आकडा बदलायचा तो अंगाचा, पायाचा नाही.

वळणाची खोड

आता चुळबुळ. यात बराच वेळ जातो, म्हणून जरा सावकाश सांगते.

दोन कीमधलं अंतर सॉफ्टवेअर स्वतः भरतं. ब्लेंडर ते मुळात बेझिये वळणानं भरतं: निघताना हळू, मधे वेगात, पोचताना परत हळू. झोपाळा असाच जातो. हवेतून पुढं येणाऱ्या पायाला ते शोभतं. जमिनीवर टेकलेल्या पायाला मात्र अजिबात चालत नाही, कारण अंग एकसारख्या वेगानं पुढं चाललंय. पाय टोकाला हळू झाला की अंगाबरोबर पुढं ओढला जातो, मधे वेगात गेला की मागं घसरतो. पुढं, मागं, पुढं अशी चुळबुळ होते ती यामुळं.

मागावर वाढलेल्या पोरांना मी धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, आठवायला सांगते. ठोका बसला की धोटा ताण्यांमधून सरळ निघतो, मधे कुठं रेंगाळत नाही, पलीकडच्या पेटीत जाऊन थडकतो. टेकलेला पाय धोट्यासारखा, उचललेला पाय झोपाळ्यासारखा. एवढं सांगितलं की ग्राफ एडिटर, म्हणजे ही वळणं दाखवणारी खिडकी, उघडायची भीती जाते.

प्रत्यक्षात असं करा. वॉक सायकलच्या चार मुद्रा घ्या: कॉन्टॅक्ट (पुढचा पाय टेकतो), डाउन (अंग खाली दबतं), पासिंग (दुसरा पाय शेजारून पुढं जातो), अप (अंग वर उचललं जातं). त्या एका पायासाठी फ्रेम १, ४, ७, १० वर येतात, १३ वर दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट. आपल्या ६० पिक्सेलच्या पावलात, टेकलेल्या पायाच्या पुढं-मागं जाण्याचे आकडे असे हवेत: फ्रेम १ ला कमरेच्या ३० पुढं, ४ ला १५ पुढं, ७ ला बरोबर खाली, १० ला १५ मागं, १३ ला ३० मागं. दर तीन फ्रेमांत १५. कुठं १८, कुठं ११ असेल तर ते आधी दुरुस्त करा, वळणाचं नंतर बघू. मग १, ४, ७ आणि १० च्या की निवडून टी दाबा आणि लिनिअर, म्हणजे एकसारख्या वेगाच्या, करा. १३ ची करू नका. कीची जात तिच्या पुढच्या तुकड्याला लागते, आणि १३ नंतर पाय उचलायचाय. ती लिनिअर केली तर उचललेला पाय यंत्रमानवासारखा जातो.

हे फक्त पुढं-मागं जाणाऱ्या वळणाला करायचं. वर-खाली जाणारं वळण, पायाचं फिरणं, यांना हात लावू नका. मुलं उत्साहात सगळंच निवडून लिनिअर करतात आणि मग चाल लाकडी झाली म्हणून परत येतात.

शॉटच्या दोन टोकांनाच पाय घसरत असेल तर तीच खोड अंगाच्या मुख्य कंट्रोलला (अख्खं पात्र हलवायच्या मुठीला) लागलेली असते. तुम्ही पात्र 'इथून तिथं' अशा दोन की घालून नेलंय, आणि ब्लेंडरनं त्या प्रवासालाही झोपाळ्याचं वळण दिलंय. त्या दोन की लिनिअर करा. पात्र उभं राहून मग चालायला लागतं असं दाखवायचं असेल तर पहिली दोन-तीन पावलं वेगळी करावी लागतात. सायकल तिथं लावून भागत नाही.

कंबर उंच तर नाही?

गुडघा टक्कन सरळ होतो, किंवा मागचा पाय आपोआप जमिनीवरून ओढला जातो, तेव्हा पाय पुरत नसतो. हा शाळेतला पायथागोरस आहे. मांडी ४० पिक्सेल, नडगी ४०, म्हणजे पूर्ण ताणलेला पाय ८०. कॉन्टॅक्टला पाय कमरेच्या ३० पुढं किंवा मागं आहे. ८० चा वर्ग ६४००, त्यातून ३० चा वर्ग ९०० वजा केला की ५५००. त्याचं वर्गमूळ साधारण ७४. म्हणजे त्या फ्रेमला कंबर घोट्यापासून ७४ च्या वर ठेवली तर पाय पोचणारच नाही. ७४ वर ठेवली तर काठीसारखा ताठ होईल आणि पुढच्या फ्रेमला गुडघा झटक्यानं वाकेल. ७१-७२ वर ठेवा, झटका जातो.

मागच्या पायाची टाच उचलली की घोटा वर येतो आणि थोडी सवलत मिळते. तरी पुरत नसेल तर पाऊल आखूड करा. पाय लांब करणारा 'स्ट्रेच' चालू करून सुटका करून घेऊ नका. पुढं पात्र बसायला लागलं की ते अंगलट येतं.

याच गणितातून कळतं की चालताना माणूस वर-खाली का होतो. पाय दोन्हीकडं फाकले की कंबर खाली, एक पाय सरळ खाली आला की वर. ॲनिमेशनमध्ये आपण ते जरा पुढं सरकवतो: सगळ्यात खाली डाउनला, फ्रेम ४ ला, आणि सगळ्यात वर अपला, फ्रेम १० ला. त्यानं वजन पायावर पडल्याचं दिसतं. कंबर एकाच उंचीवर ठेवलेलं पात्र गाड्यावर ठेवल्यासारखं सरकतं, मग पाय कितीही जागेवर असोत.

तरंगणारं पात्र

हिशेब बरोबर, वळण बरोबर, कंबरही हलते, तरी वजन नाही. आता फ्रेमा मोजा. खऱ्या चालण्यात एक पाय फेरीचा सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. २४ फ्रेमांत साधारण १४ आणि १०. म्हणजे दर पावलाला थोडा वेळ दोन्ही पाय खाली असतात. नवखे लोक बारा-बारा वाटून देतात. मग एक पाय टेकतो त्याच क्षणी दुसरा सुटतो, आणि चालीला धावण्याचा भास होतो. चवडा १३ ला सोडू नका, १५ च्या आसपास सोडा. त्यासाठी १३ ते १५ मध्येही तो मागं जाण्याचा वेग तोच ठेवा (म्हणजे आता १३ ची कीही लिनिअर, १५ ची नाही), नाहीतर आत्ता मिटवलेली चुळबुळ परत येईल.

वजन बघायला आपल्याला लांब जायला नको. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज (उंच, जड काठ्या) निघतात तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांचे पाय बघा. सगळे ध्वजाच्या टोकाकडं बघत असतात, तुम्ही गुडघ्याच्या उंचीवर मोबाईल धरा. पावलं आखूड पडतात, गुडघे वाकलेले राहतात, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढतो, डोकं जवळजवळ एका रेषेत जातं. घरी येऊन व्हिडिओ फ्रेमनं फ्रेम बघा. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेमा घेत असेल तर त्याच्या १५ म्हणजे आपल्या १२. गर्दीत कुणाच्या वाटेत येऊ नका, एवढी अक्कल ठेवा. यात्रा नसेल तेव्हा मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहणारे हमाल आहेतच, पण त्यांना विचारून शूट करा.

रिकाम्या हातानं चालणारा माणूस हवा असेल तर एडवर्ड मायब्रिजनं १८८७ साली प्रसिद्ध केलेले तक्ते बघा. एकूण ७८१ आहेत, माणसं आणि जनावरं, एकेका हालचालीचे ओळीनं फोटो. ते आता कॉपीराइटमधून मुक्त आहेत. ते समोर ठेवून फक्त पाय काढा, सलग आठ दिवस. मी हे सगळ्यांना सांगते, करतात दोघं-तिघं.

रिग, आणि थांबायची जागा

इथंपर्यंत येऊनही पाय सरकत असेल तर रिग, म्हणजे पात्र हलवायचा आतला सांगाडा, तपासायला एक चाचणी करा. नवीन फाईल, तेच पात्र. पायाच्या कंट्रोलला फ्रेम १ आणि २४ वर एकसारखी की. गुडघा थोडा वाकलेला ठेवा. आता फक्त कंबर जराशी खाली-वर, मागं-पुढं हलवा. पाय खिळा ठोकल्यासारखा जागेवर राहायला हवा.

हलला तर दोन गोष्टी तुम्ही स्वतः बघू शकता. पाय एफके वर आहे का? एफके मध्ये पाय मांडीला लटकतो, कंबर हलली की तोही हलणारच. स्लायडर आयके कडं न्या, त्यात पाय जागेवर राहतो आणि गुडघा आपोआप वाकतो. दुसरं, पायाच्या कंट्रोलचा पेरेंट (ज्याच्या मागं तो हलतो तो) कंबर किंवा धड झालाय का? असेल तर तो मूळ कंट्रोलवर आणा. कागदी कटआउटसारखं द्विमितीय बाहुलं असेल आणि त्यात आयके नसेलच, तर पाय दर फ्रेमला हातानं जुळवावा लागतो. एवढ्या एकाच ठिकाणी ते खरोखर करावं लागतं.

या दोन्हीनंतरही पाय हलला तर थांबा. दोष ॲनिमेशनचा नाही, रिगचा आहे: हाडांना न लावलेला स्केल (आकाराचं माप), एकावर एक पडलेली कन्स्ट्रेंट (हालचालीवरची बंधनं), चुकीच्या जागचा पोल (गुडघ्याची दिशा ठरवणारा बिंदू). शिकायला लागून सहा महिने झालेल्यानं कन्स्ट्रेंट उपटायला सुरुवात केली की दुसरा पायही जातो. मी एकदा उपटली होती. पात्र एका जाहिरातीच्या कामाचं होतं, काम शनिवारी द्यायचं होतं, आणि शुक्रवारी रात्री त्याचा उजवा पाय डोक्यामागून निघत होता.

फुकट उतरवलेली रिग असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका, दुसरी घ्या. तुमच्या सायकलचे आकडे तिथं परत घालायला तासभर पुरतो. पैशाच्या कामातली रिग असेल तर रिगरकडं (रिग बनवणाऱ्याकडं) पाठवा, आणि पाठवताना तीन गोष्टी द्या: न बिघडवलेली मूळ फाईल, वरच्या चाचणीचा पाच सेकंदांचा व्हिडिओ, आणि पाय कुठल्या फ्रेमला कुठल्या बाजूला सुटतो ते एका ओळीत. "पाय नीट नाही" एवढंच लिहून पाठवलं तर पहिला दिवस तुम्हाला फोन करण्यातच जातो, आणि तो दिवस बिलात लागतो.

मनगट दुखायला लागलं असेल, अंगठ्याकडून मुंग्या येत असतील, तर मात्र रिगर नाही, डॉक्टर. तेही रात्री अकराला अजून एक फ्रेम हलवायच्या आधी.